भोरड्यांसाठी पेरलेली ज्वारी

भोरड्या आल्या. विहिरीवरचं धुकं अजून हललं नव्हतं, आणि कुणीतरी काळपट फडकं हवेत झटकावं तसा उत्तरेकडून थवा आला, बाभळीवर उतरला आणि बाभळ बोलायला लागली. ज्यांना भोरडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. साळुंकीच्या जातीचं, गुलाबी अंगाचं, काळ्या डोक्याचं पाखरू आहे. थंडीत परमुलखातून येतं, एकटं कधीच येत नाही, आणि ज्वारीचं कणीस दुधात आलं की त्याला जगात दुसरं काही दिसत नाही. थवा एकदा रानात बसला की उठेपर्यंत कणसांची दाण्यावाचून रिकामी बुरकुंडं होतात.

हल्ली या पाखराला फार बरे दिवस आले आहेत. संध्याकाळी ते थव्यानं उडतं ते बघायला पुण्याहून गाड्या येतात. त्या उडण्याला लोक नृत्य म्हणतात. माझी एक जुनी सहकारी बारामतीला असते, तिच्या गॅलरीत तुळस आणि कोरफड अशी एकूण शेती आहे. ती मला दर हिवाळ्यात भोरड्यांचा व्हिडिओ पाठवते. मागे बासरी, खाली 'निसर्गाची किमया'. एकदा मी तिला लिहिलं, 'ही किमया उद्या तुझ्या तुळशीवर उतरो.' त्यानंतर वर्षभर तिनं मला सणाच्या शुभेच्छाही पाठवल्या नाहीत. एवढं एक चांगलं काम माझ्या हातून झालं.

मी इंदापूरला शाळेत मराठी शिकवायची. आता निवृत्त आहे आणि कळसला रानातच राहते. हे रान माझ्या वडिलांचं. आमचे आजोबा मेंढरं घेऊन हिंडायचे, वडिलांनी काठी ठेवली, विहीर खणली आणि ज्वारी धरली. मला भाऊ नाही, म्हणून रान माझ्या नावावर आलं. कसलं मात्र माझ्या नवऱ्यानं. बाहेर सगळे त्यांना तात्या म्हणतात, मी चारचौघांत मालक म्हणते आणि घरात अहो. सातबाऱ्यावर नाव माझं आणि रानात घाम त्यांचा, अशी आमची वाटणी लग्नापासून चालत आली आहे आणि तिच्यावरून आमचं भांडण कधी झालेलं नाही. भांडायला इतर विषय पुष्कळ होते.

गेल्या वर्षी अशाच थंडीत आम्ही दोघं झाडावर राहायला गेलो होतो.

झाडावर म्हणजे झाडावरच्या हॉटेलात. भिगवणच्या पुढं, उजनीच्या पाण्याला लागून कुणा पुण्याच्या कंपनीनं ते काढलेलं. कंपनीचं पाण्याकाठचं हॉटेल झालं होतं, आता तिला दुसरं काढायला माळरान हवं होतं. आमच्या रानाला लागून माळ आहे, त्यावर चिंकारा चरतात, कधी लांडगा दिसतो. विहिरीवर वडिलांची मोठी चिंच आहे. कंपनीची माणसं आली, चिंचेभोवती फिरली, फांद्यांना हात लावून बघितला. सोयरिकीला आलेल्या माणसांनीही मुलीला इतकं निरखलं नसतं. कंपनीची माणसं म्हणाली, जमीन आम्हाला वापरायला द्या, भाडं घ्या आणि निवांत बसून खा. तुम्हाला काही करायचं नाही. एकदा आमच्याकडे राहून बघा, मग सही करा.

सही माझी लागणार होती. पण मन मालकांचं झालं होतं. त्यांचे गुडघे गेलेत, राखणीला माणूस मिळत नाही, आणि मुलगा पुण्याहून परत येणार नाही हे आम्ही दोघांनीही एकमेकांना न सांगता मान्य केलेलं आहे. माझी नणंद कोऱ्हाळे बुद्रुकला दिलेली. तिकडं सगळा ऊस. उसवाल्यांना ज्वारीवाल्यांची दया येते आणि ती लपवायची रीत त्यांच्यात नाही. ती फोनवर म्हणाली, "वैनी, आजून जवारीच करताय व्हय? द्या की मग त्या झाडावाल्यांस्नी. आयतं बसून खाशीला." मी म्हटलं, बघू. मनात म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर निदान उंट कसा आहे तो बघून येऊ.

भिगवणला शौकतभाईंच्या हॉटेलात जेवायला थांबलो. शौकतभाई मालकांचे जुने स्नेही. माशांचा व्यापार करता करता त्यांनी हायवेला चार टेबलं टाकली. चिलापी तळून समोर ठेवत त्यांनी विचारलं, "कुणीकडं चाललाय जोडीनं?"

"झाडावर ऱ्हायला," मालक म्हणाले.

शौकतभाईंनी झारा हातात तसाच धरला. "का? खाली जागा कमी पडली का काय?"

मालक हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला ते आवडलं नाही. माझ्या माणसाला हसायचा हक्क फक्त माझा होता.

हॉटेलच्या दारातच निखिल नावाचा व्यवस्थापक भेटला. चाळिशीतला, डोक्यावर शिकाऱ्याची टोपी, आणि पहिल्या भेटीतच 'तात्या' म्हणायला लागला. तात्या हे नाव आमच्याकडे माणूस वापरून वापरून मिळवतो. यानं ते दारातल्या चपलेसारखं पायात सरकवलं. आमच्या कपाळाला गंध लावलं, हातात नारळपाणी दिलं, आणि मग त्यानं आमचं झाड दाखवलं.

झाड सिमेंटचं होतं.

लोखंडाचे खांब, त्यांना सिमेंटचा लेप, लेपावर साल कोरलेली, सालीला तपकिरी रंग. मधेमधे गाठी काढलेल्या, एका गाठीत घुबडाचं पिल्लू बसवलेलं, तेही सिमेंटचं. वर लाकडी खोली, खोलीला प्लॅस्टिकची वेल. मालकांनी बुंध्यावर बोटानं टकटक केलं, जसं कलिंगडावर करतात.

"हितं आदी झाड न्हवतं का?" त्यांनी विचारलं.

"होती ना, मोठी बाभळ होती," निखिल म्हणाला. "पण तिच्यावर बगळ्यांची वस्ती होती. वरून सगळी घाण पडायची. गेस्ट तक्रार करायचे. मग काढावी लागली."

म्हणजे बघा. झाडावर राहायचं म्हणून झाड तोडलं, आणि पाखरं बघायची म्हणून पाखरं हाकलली. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा असतो, इथं तर सोनूबाईलाच काढून टाकली होती. मी मालकांकडे बघितलं. ते बुंध्याला वळसा घालून खांब किती खोल गाडले असतील याचा अंदाज घेत होते.

खोलीत पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढलेला. वर टॉवेलांची घडी घालून केलेले दोन बगळे चोचीला चोच लावून उभे. मालकांनी बदामाकडे बघितलं.

"फुलं मढ्यावर टाकत्यात," ते म्हणाले. "आंथरुणावर कशाला टाकली?"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या बोलण्यावर हसले. त्यांनी पाकळ्या ओंजळीत गोळा केल्या, खिडकीतून टाकायला गेले, तर खिडकी उघडणारी नव्हती. एसीसाठी बंद केलेली. भिंतीवर इंग्रजीत लिहिलं होतं की झाडांशी बोला, ती उत्तर देतात. पाकळ्या शेवटी कचऱ्याच्या डब्यात गेल्या.

त्या एका मुक्कामात मी ज्याला ज्याला नावं ठेवली त्याची यादी करायला बसले तर हा लेख त्यातच संपेल. भाकरी थापण्याचा अनुभव म्हणून एक ओटा होता, तिथं पाहुणे पीठ मळून त्याचे नकाशे करायचे आणि फोटो काढून ठेवून द्यायचे. भाकऱ्या मागे कुत्र्याला जायच्या. हुरडा होता. आम्ही हुरडा आगटीत भाजतो, जमिनीत खळगा करून, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर, आणि कणीस गरम असतानाच तळहातावर चोळतो. तळहात भाजला नाही तर हुरडा खाल्ला असं आमच्यात कुणी म्हणत नाही. इथं तो थंडीच्या पेटीतून निघून कढईत गरम होऊन वाटीत यायचा, वर शेव, बाजूला चमचा. मालकांनी चमचा बाजूला ठेवला, वाटी तळहातावर उलटी केली, आणि तसाच खाल्ला.

तरी त्यांना ते सगळं आवडत होतं. हेच मला सोसत नव्हतं.

नळाला चोवीस तास गरम पाणी होतं. त्यांनी नळ सोडला, हात धरला, बंद केला, परत सोडला. आंघोळ करून बाहेर आले ते चेहरा धुतलेल्या भांड्यासारखा करून. मग ते गच्चीवरच्या वेताच्या खुर्चीत उन्हाला बसले. दुपारची वेळ, हवेत पाण्याचा आणि वाळत्या माशांचा वास, लांब उथळ पाण्यात फ्लेमिंगो उभे, आणि माझा नवरा काहीही न करता बसलेला. मी त्यांना तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. घरी ते बसले तरी हातात दोरी असते, विळा असतो, निदान काडी तरी असते. इथं हात नुसते मांडीवर पडले होते आणि गुडघ्यांवर ऊन होतं.

"मास्तरीणबाई," ते डोळे मिटूनच म्हणाले, "ह्यात वाईट काय हाय, सांग बरं."

सगळंच वाईट होतं, आणि गुडघ्यांवरचं ऊन चांगलं होतं. मी मनाशी ठरवलं, सही करून टाकू. हसू आलं तर तोंड फिरवून हसू. माणसानं जन्मभर राखण केली, आता बसू दे त्याला.

राखण हा शब्द मी सहज लिहिला, पण आता तो वाचणाऱ्यांना कितपत कळेल कुणास ठाऊक.

ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली की रानात माळा घालायचे. चार मेढी, वर फळ्या किंवा बाभळीच्या फांद्या, त्यावर कडब्याची गादी. शाळा सकाळची असली की मी दुपारी माळ्यावर. कडबा पायाला टोचायचा, वारा कानात शिरायचा, आणि वरून सगळं रान मोत्याच्या दाण्यांनी भरलेलं दिसायचं. हातात गोफण. गोफणीत खडा घालून ती डोक्याभोवती गरगरा फिरवायची आणि एक दोरी सोडून द्यायची. खडा सुटताना जो फटका वाजतो त्यालाच पाखरं जास्त भितात. खडा लागतो क्वचित. आणि फटक्याबरोबर हाकारा द्यायचा, पोटातून, लांब. हाकाऱ्याला शब्द नसतात. प्रत्येक रानाचा आपला वेगळा.

पण खरी गंमत पुढे होती. आमच्या रानातून उठलेला थवा शेजारच्या रानात उतरणार हे ठरलेलंच. म्हणून शेजारचा तयारच असायचा. त्यानं उठवला की त्याच्या पुढचा. असं हाकाऱ्याला हाकारा लागत थवा शिवाराच्या बाहेर, माळापलीकडे जायचा. तेव्हा कुठं घोटभर पाणी प्यायला मिळायचं. एखाद्यानं आळस केला, झोपला, की संध्याकाळी त्याच्या दारात भांडण. राखण एकट्याची कधी नव्हतीच. हुरड्याच्या दिवसांत आमच्या गावात सगळ्यांचेच आवाज बसलेले असायचे. बायका आडावर कुजबुजत भांडायच्या. गुरुजी फळ्यावर लिहून शिकवायचे. मालकांचा हाकारा मी त्यांचं तोंड बघायच्या आधी ऐकला आहे. त्यांचं घर आमच्या शिवाराच्या पलीकडच्या टोकाला. माझ्या वडिलांनी एकदा कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "पोराच्या बेंबीत दम हाय." पुढं सोयरीक झाली ती काही प्रमाणात त्या बेंबीमुळे.

तर झाडावरची ती संध्याकाळ.

हॉटेलच्या खाली, पाण्याच्या कडेला ज्वारीचा एक तुकडा होता. सुंदर पेरलेली, दाट, दाणा भरलेला. आम्हाला वाटलं कुणा शेजाऱ्याची असेल. ऊन उतरलं तसे सगळ्या खोल्यांतले पाहुणे आपापल्या गच्चीवर आले. चहा आला. दंडाएवढ्या लांबीच्या भिंगांचे कॅमेरे तीन पायांवर उभे राहिले. कुणी बोलेना. देवळात आरतीच्या आधी जशी शांतता असते तशी, फक्त इथं कुणी चप्पल काढलेली नव्हती.

आणि भोरड्या आल्या. पाण्यावरून आल्या, वर गेल्या, वळल्या, दाट झाल्या, पातळ झाल्या. सगळं आभाळ एका अंगानं कूस बदलत होतं. सुंदर होतं. हे मला लिहावं लागतंय याचाच मला राग येतो. मीसुद्धा तोंड उघडं टाकून बघत होते. जन्मभर ज्यांना शिव्या दिल्या ती पाखरं एवढी देखणी असतात हे मला माळ्यावरून कधी दिसलं नव्हतं, कारण माळ्यावरून बघायचं असतं ते खाली.

मालक खालीच बघत होते. थवा ज्वारीवर उतरला. ताटं वाकली. आणि तो आवाज सुरू झाला. पाहुण्यांना तो किलबिलाट वाटला असेल. आम्हाला त्यात दाणा फुटताना ऐकू येतो.

कप बशीत आदळला. मी वळेपर्यंत मालक कठड्याशी होते, गुडघे कुठं गेले कुणास ठाऊक. त्यांनी चहाचा स्टीलचा ट्रे उचलला, कठड्यावर बडवला, आणि हाकारा दिला. पोटातून, लांब, पाण्याच्या पार पलीकडे जाईल असा. भोरड्या फुटून उडाल्या. लांबचे फ्लेमिंगोसुद्धा पाण्यावर धावत उठले. त्यांच्या पंखांखालचा तांबडा रंग एकदम आभाळभर झाला, आणि मग सगळं रिकामं झालं. ज्वारी हलत होती, तेवढीच.

सगळ्या गच्च्यांवरून लोक आमच्याकडे बघत होते.

"ओ काका! काय हे?" एक बाई ओरडली. लांब भिंगवाल्यानं इंग्रजीत शिवी दिली.

मालकांना काही कळेना. त्यांच्या तोंडावर उपकार केल्याचा भाव अजून तसाच होता. निखिल जिना चढत धापा टाकत आला. "तात्या, तात्या, असं नाही करायचं. ती ज्वारी पाखरांसाठीच आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे आम्ही पेरतोच त्यांच्यासाठी. ज्वारी असली की ती येतात. ती आली की गेस्ट येतात."

मालकांनी खाली ज्वारीकडे बघितलं. "मंग खुडणार कोन?"

"कुणी नाही. संपली की संपली."

"आन कडबा?"

"कडब्याचं काय करणार? जाळतो."

मालकांनी ट्रे टेबलावर ठेवला. हळूच ठेवला, आवाज न करता. माझ्या नवऱ्याला दुष्काळात मी गुरांच्या छावणीच्या दारात कडब्याच्या पेंढीसाठी उभं राहिलेलं बघितलं आहे. आमच्यात जेवताना भाकरीचा तुकडा सांडला तर उचलून कपाळाला लावतात, आणि कडब्याला पाय लागला तरी तेच करतात. हे निखिलला सांगून काय उपयोग होता? तो आपला हसत होता.

कारण तेवढ्यात एका पाहुणीनं मोबाइलमध्ये टिपलेलं सगळ्यांना दाखवलं होतं. हाकारा, फुटलेला थवा, उठलेले फ्लेमिंगो. सगळे ते परत परत बघत होते. शिव्या देणारा भिंगवालाच म्हणाला, "कमाल आहे. परत होईल का?"

निखिलच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं. "तात्या, पाखरं परत येतीलच. ती बसली की तुम्ही परत एकदा द्या ना तो आवाज. सगळे तयार राहतील. आणि ऐका, कळसला आपलं सुरू झालं की हे रोज संध्याकाळी ठेवू. तुम्हीच करायचं. फेटा बांधू, घोंगडी देऊ. मान तुमचा."

भोरड्या खरंच परत आल्या. ज्वारीवर बसल्या. सगळ्या गच्च्यांवर मोबाइल वर झाले. निखिलनं बोटांनी खूण केली. मालक कठड्याशी उभे होते. त्यांनी छाती भरून घेतली, तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

त्यांनी परत श्वास घेतला. गळ्याच्या शिरा दिसल्या. नुसती हवा बाहेर आली. खाली दाणे फुटत होते आणि लोक वाट बघत होते. मग त्यांनी तोंड मिटलं.

"खाऊ द्या की," ते म्हणाले. "त्यांचंच हाय."

लोकांनी 'अरेरे' केलं आणि मोबाइल खाली घेतले. मालक खुर्चीत येऊन बसले. मला वाटलं थंडीनं घसा धरला.

"आवाज बसला का?" मी विचारलं.

"न्हाय," ते म्हणाले. "राग यीना."

मी त्या वाक्यापाशी अजून अडलेली आहे. मला आयुष्यभर वाटत आलं की माझ्यात राग खूप आहे. पण माझ्याजवळ आहे ती तुच्छता. तुच्छता फार स्वस्तात येते. वेताच्या खुर्चीत बसून चहा पिता पिता करता येते, सिमेंटच्या झाडाला, फुलांच्या बदामाला, कुणालाही नाक मुरडता येतं, आणि काही झिजत नाही. रागाला स्वतःचं पीक लागतं. कुणीतरी खाऊन टाकेल असं काहीतरी आपलं असावं लागतं. त्या सगळ्या गच्च्यांवर कॅमेरे होते, भिंगं होती, निसर्गावर प्रेम तर उतू चाललं होतं, पण त्या पाखरांवर रागावू शकेल असा माणूस तिथं एकही नव्हता. जो होता, त्याचाही राग त्यांनी ज्वारीसकट फुकटात वाटून टाकला होता.

सकाळी मालकांनी पिशवी भरली. गरम पाण्याचा नळ त्यांनी एकदा सोडला, हात धरला, बंद केला. खाली निखिल कागद घेऊनच उभा होता.

"आमाला जमायचं न्हाय," मालक म्हणाले.

निखिल माझ्याकडे वळला. माझ्याकडे बघून त्याची आशा वाढलेली दिसली. शिकलेली बाई, हिला व्यवहार कळेल. "मॅडम, सही तर तुमची आहे ना?"

"सही माझी आहे," मी म्हटलं. "रान त्यांचं आहे."

येताना एसटीत मालक खिडकीतून लोकांची रानं बघत होते. मी मात्र मनातल्या मनात फार खूश होते. जिंकल्यासारखं वाटत होतं. बारामतीच्या मैत्रिणीला, कोऱ्हाळ्याच्या नणंदेला, सगळ्यांना सुनावायची वाक्यं जुळवत होते. काही तर फारच छान जुळली होती.

कंपनीला माळ हवा होता, आमचंच रान हवं होतं असं थोडंच होतं! शेजारच्या ज्ञानूआबांनी दिलं. त्यांचा दोष नाही. त्यांचेही गुडघे आहेत. पावसाळा संपायच्या आत बांधापलीकडे सिमेंटचा बुंधा उभा राहिला, त्याला साल आली, गाठी आल्या. खाली ज्वारीचा तुकडा पेरला गेला. पाखरांसाठी.

आता भोरड्या आल्या आहेत आणि मालक दिवस उगवल्यापासून माळ्यावर असतात. गोफण आहे, डबे आहेत, चमकणाऱ्या पट्ट्या बांधल्या आहेत. त्यांनी थवा उठवला की तो बांध ओलांडून पलीकडच्या ज्वारीवर उतरतो. पूर्वी तिथून ज्ञानूआबांनी उठवला असता. आता तिथं पाखराला कुणी न्हाय म्हणत नाही. थवा पोटभर खातो, दमही घेतो, आणि मालक तांब्या तोंडाला लावेपर्यंत परत आमच्यावर येतो. त्यांचा राग परत आला आहे. भरपूर आला आहे. तीन प्रहर ते एकटे ओरडतात. गेल्या आठवड्यापासून बोलताना नुसता वारा येतो, हाकाऱ्यापुरताच काय तो आवाज निघतो.

आणि संध्याकाळी पलीकडच्या गच्चीवर पाहुणे जमतात. मालकांचा हाकारा गेला, थवा उठला, की ते टाळ्या वाजवतात.

काल मी ते पहिल्यांदा नीट ऐकलं. चहाचा डबा घेऊन गेले होते. हाकारा झाला, टाळ्या झाल्या, कुणीतरी शिटी मारली. मालकांनी कानाला मफलर बांधलेला, त्यांना काही कळलं नसावं, किंवा कळूनही ते तिकडे बघत नव्हते. मी डबा खाली ठेवला आणि शिडीवरून माळ्यावर चढले. कित्येक वर्षांनी चढले. गच्चीकडे तोंड केलं आणि माझ्या आजोबांच्या मेंढरांनाही कळल्या असत्या अशा शिव्या दिल्या. मराठीच्या शिक्षिकेला शिव्यांची कमी नसते. हात हलवले, पदर सुटला, घसा फाटेपर्यंत ओरडले. गच्चीवरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग टाळ्या आणखी जोरात झाल्या. मोबाइलचे दिवे लागले.

मालकांनी माझा दंड धरला.

"तिकडं काय बघतीस?" ते कुजबुजले, हाकाऱ्यानंतर तेवढाच आवाज त्यांच्याजवळ उरला होता. "हितं बघ, बसली की!"

मी वळले. मी माणसांना शिव्या देत होते तेवढ्यात विहिरीकडच्या अंगाला थवा उतरला होता आणि कणसं वाकली होती. मी ओरडले. आता शिवी नव्हती, शब्दच नव्हता. आवाज कुठून आला ते मला कळलं नाही. थवा उठला, बांध ओलांडून पलीकडच्या ज्वारीवर उतरला, आणि तिथून त्याला पुढं उठवणारं कुणीच नव्हतं, म्हणून आम्ही दोघं तो परत यायची वाट बघत माळ्यावर तसेच उभे राहिलो.